लेबनॉन, पण कुठलं?

रस्त्यांचा छापील अ‍ॅटलास आता कुणी विकत घेत नाही. माझ्या गाडीत मागच्या सीटखाली एक आहे, पानं सुटत आलेला, आणि रस्ता शोधायला मी तो कधीच उघडत नाही. मी वाचते ती त्याची शेवटची पानं. तिथे राज्यवार गावांची सूची असते, मुंगीएवढ्या अक्षरांत. ओहायोचं पान संपवून इंडियानाचं उलटावं, पुढे इलिनॉय, मग मिझुरी. राज्य बदलतं, नावं मात्र तीच: क्लिंटन, फ्रँकलिन, सेलम, मॅडिसन, ट्रॉय, ग्रीनव्हिल, लेबनॉन. स्प्रिंगफील्ड तर असतंच. इलिनॉयचं स्प्रिंगफील्ड लिंकनमुळे माहीत असतं, मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमध्ये १८९१ साली बास्केटबॉलचा शोध लागला, आणि आमच्या ओहायोतही एक आहे.

भारतातून कुणी पाहुणे आले की गाडीत विनोद होतोच. एवढा अवाढव्य देश, आणि यांना नावं सुचेनात? मी हसते, पण मला ते पटत नाही. ही नावं सुचायची थांबली म्हणून पुन्हा वापरली गेली असं नाही. ती कुणीतरी सोबत आणली होती. कुणी, कुठून, कशासाठी, याचा माग काढत बसलं की दुपार कशी जाते कळत नाही.

फेएटव्हिल घ्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या फ्रेंच सरदार लाफायेतच्या सन्मानार्थ नॉर्थ कॅरोलायनातल्या एका गावाने १७८३ साली हे नाव घेतलं. तिथली काही कुटुंबं डोंगर ओलांडून टेनेसीत गेली, आणि नव्या गावालाही फेएटव्हिलच म्हणू लागली. तिकडे आर्कान्सात वॉशिंग्टन नावाचं एक ठाणं वसलं होतं. त्याच मुलखात दुसरं वॉशिंग्टन आधीपासून होतं, म्हणून घोळ टाळायला १८२९ मध्ये याचं नाव बदलायचं ठरलं. नाव निवडायचं काम ज्यांच्याकडे दिलं ते दोघे टेनेसीच्या फेएटव्हिलचे. झालं. एक सामायिक नाव घालवलं आणि जागी दुसरं सामायिक नाव आणून बसवलं! आर्कान्सातल्या माणसाच्या पत्त्यात लाफायेत आहे तो असा, वंशावळीतल्या खापरपणजोबांसारखा: नाव चालू आहे, चेहरा कुणाला आठवत नाही. खुद्द लाफायेत म्हातारपणी, १८२४-२५ मध्ये, अमेरिकेच्या तेव्हाच्या सगळ्या २४ राज्यांतून फिरला. त्या दौऱ्यात नॉर्थ कॅरोलायनातल्या आपल्या नावाच्या गावीही गेला. माणूस जिवंतपणी आपल्या नावाच्या गावात पाहुणा म्हणून उतरतो, तेव्हा त्याला नेमकं काय वाटत असेल? मला तर संकोचच वाटला असता.

पुढाऱ्यांची नावं समजायला सोपी आहेत. वॉशिंग्टन, जॅक्सन, मन्रो ही नवी राजवट होती, नव्या गावाने तिच्याशी निष्ठा दाखवायची, इतकंच. मला त्यात फार रस नाही. माझं मन रमतं ते लेबनॉनमध्ये.

ओहायोतलं लेबनॉन सिनसिनाटीच्या अलीकडे आहे. १८०३ पासून चालू असलेली एक खाणावळ-कम-हॉटेल तिथे आहे, गोल्डन लँब नावाची. अमेरिकेचे १२ अध्यक्ष तिथे कधी ना कधी उतरून गेलेत आणि मालक मंडळी ते विसरू देत नाहीत. पण हे लेबनॉन का? कारण झाडं. पहिल्या वसाहतकरांच्या घरात दुसरं पुस्तक नसलं तरी बायबल असायचं, आणि बायबलात लेबनॉनच्या सीडर वृक्षांचं कौतुक पानोपानी आहे. सॉलोमनचं मंदिर त्याच लाकडाचं. इथल्या जंगलात सुगंधी, लालसर लाकडाची सदाहरित झाडं दिसली आणि लोकांनी ठरवून टाकलं, हेच ते सीडर. टेनेसीत तसंच झालं, केंटकीतही तसंच. गंमत अशी, की ही झाडं सीडर नाहीतच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ती ज्युनिपरच्या कुळातली. लेबनॉनच्या सीडरचं सख्खं भावंड म्हणायचं तर ते आपल्या हिमालयातलं देवदार. म्हणजे चुकीच्या झाडावरून दिलेलं नाव, आणि ते सहज रुजलं.

रुजलं आणि पुढे सरकलं. टेनेसीच्या लेबनॉनमध्ये जन्मलेला जेरेमाया रॉल्स्टन ओरेगनात पोचला, आणि तिथली झाडं पाहून त्याला घर आठवलं. आज ओरेगनात लेबनॉन आहे. मिझुरीत वायोटा नावाची एक वस्ती होती. तिथल्या एका मान्यवर धर्मोपदेशकाचं गाव टेनेसीतलं लेबनॉन, त्याच्या इच्छेखातर वायोटाचं लेबनॉन झालं. कॅन्ससच्या लेबनॉनने नाव घेतलं ते केंटकीच्या लेबनॉनवरून. तोवर झाडांचाही संबंध सुटला होता. कॅन्ससच्या त्या भागात क्षितिजापर्यंत गवत आणि गहू. सीडर सोडा, सावलीला झाड शोधावं लागतं. बायबलातला डोंगर, तिथून अपॅलेशियनची टेकाडं, तिथून सपाट माळरान. नाव प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं कारण सांडत गेलं आणि शेवटी फक्त गावाची आठवण उरली.

कॅन्ससचं लेबनॉन आम्ही पाहिलं आहे. वस्ती २०० च्याही आत, पण एक मोठा मान त्याच्याकडे आहे. १९१८ मध्ये सरकारी सर्वेक्षकांनी अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांच्या आकाराचा पुठ्ठा कापला, तो टोकावर तोलून धरला, आणि जिथे तो तोलला तो देशाचा मध्यबिंदू ठरवला. तो या गावाजवळ पडला. पद्धत अशी, की २० मैल इकडेतिकडे सहज व्हावं. तरी गावाने दगडी खांब उभारला, शेजारी आठेक माणसं मावतील एवढं चॅपेल बांधलं. तोही खांब नेमक्या बिंदूवर नाहीच. बिंदू खाजगी शेतात येतो, म्हणून खांब जरा बाजूला. मला हे फार आवडलं. नाव केंटकीतून उसनं, केंद्रस्थान पुठ्ठ्यातून काढलेलं, आणि त्या दोन्हींवर गाव ठामपणे उभं.

नावं अशी पूर्वेकडून पश्चिमेला गेली, बैलगाड्यांच्या वाटेने. पोर्टलँडची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. १८४५ मध्ये ओरेगनात दोन जमीनमालक, एक मॅसॅच्युसेट्सचा, त्याला नव्या गावाचं बॉस्टन करायचं होतं. दुसरा मेनचा, त्याला पोर्टलँड. एका सेंटचं नाणं तीनदा उडवलं, मेनवाला दोनदा जिंकला. ते नाणं अजून तिकडच्या इतिहास संस्थेत जपून ठेवलंय. दोघांनाही नवं नाव काढावं असं वाटलं नाही, याकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. वाद एवढाच, की घर कुणाचं.

पण सगळी नावं पश्चिमेलाच गेली असंही नाही. आयर्लंडहून आलेल्या ऑलिव्हर आणि मॅक्ग्लिन या दोघांनी १८५४ मध्ये कॅलिफोर्नियात जमीन घेतली आणि दारावर कमान उभारून त्यावर ‘मेन्लो पार्क’ असं कोरलं. गॉलवे परगण्यातलं मेन्लो हे त्यांचं गाव. पुढे कुणा जमीन विकणाऱ्याला हे नाव भावलं असावं, कारण न्यू जर्सीत त्याच नावाने एक वसाहत आखली गेली. ती काही चालली नाही. प्लॉट पडून राहिले. मग १८७६ मध्ये थॉमस एडिसनने तिथे स्वस्तात जागा घेऊन प्रयोगशाळा थाटली, आणि बाकीचा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. एडिसन जन्मला ओहायोतल्या मिलानमध्ये (उच्चार मायलन, इटलीला इथे कुणी विचारत नाही). मेन्लो पार्क ज्या टाउनशिपमध्ये येतं तिचं नाव रॅरिटन होतं, ते १९५४ मध्ये बदलून एडिसन झालं.

हे सगळं मी एवढ्या आवडीने सांगते, कारण एडिसन म्हणजे आपल्या लोकांचं दुसरं माहेर. ओक ट्री रोडवर पोळपाट मिळतो, ओली हळद मिळते, गणपतीची मूर्ती मिळते. मराठी घरांतली मुलं न्यू जर्सीच्या मेन्लो पार्कच्या मॉलमध्ये खरेदी करत वाढतात, आणि त्यातली काही पुढे फेसबुकच्या नोकरीसाठी कॅलिफोर्नियाच्या मेन्लो पार्कला जातात. आई-वडिलांना वाटतं, पोरगं फार लांब गेलं. नावापुरतं पाहिलं तर ते मूळपुरुषाच्या घरी गेलं. आणि गॉलवेतल्या त्या खेड्यात या कशाचीच काही खबर नसेल.

एकाच नावाची इतकी गावं म्हटल्यावर हाल झाले ते पोस्टाचे. एका राज्यात एकाच नावाची दोन पोस्टं चालणार नाहीत, असा नियम आला, आणि कित्येक गावांची नावं अशी पोस्टाच्या नकारामुळे ठरली आहेत. मिझुरीतल्या पिक्यूलियर गावची कथा सगळ्यांची लाडकी. पोस्टमास्तर एडगर थॉमसनने आधी ‘एक्सेल्सियर’ मागितलं. ते राज्यात दुसरीकडे होतं. आणखी नावं पाठवली, तीही गेलेली. शेवटी वैतागून त्याने वॉशिंग्टनला कळवलं म्हणतात, की तुम्हाला वाटेल ते द्या, फक्त जरा विचित्र असू द्या. तिकडून ‘विचित्र’ हेच नाव मंजूर होऊन आलं. १८६८ पासून गाव ते अभिमानाने मिरवतंय.

नियम राज्यापुरता होता, आणि पोस्टापुरता. टाउनशिप म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखा वेगळा कारभार, तिला कोण अडवणार? न्यू जर्सीत बर्गन जिल्ह्यात वॉशिंग्टन टाउनशिप आहे, मॉरिसमध्ये आहे, ग्लॉस्टरमध्ये आहे. मर्सर जिल्ह्यातल्या वॉशिंग्टन टाउनशिपने २००७ मध्ये मतदान घेतलं आणि रॉबिन्सव्हिल हे नाव लावलं. सोयीचंच झालं. पण राष्ट्रपित्याचं नाव मतपेटीतून उतरवायला लोक तयार झाले म्हणजे रोजच्या घोळाने किती पिडलं असेल! मला विचाराल तर मी विरोधात मत दिलं असतं.

का, ते माझ्या माहेरामुळे. माझं माहेर मालेगाव. हे म्हटलं की समोरचा लगेच यंत्रमागांबद्दल बोलू लागतो, कारण त्याच्या डोक्यात नाशिकचं मालेगाव. आमचं वाशिमचं. त्यातही १९९८ पर्यंत वाशिम जिल्हाच नव्हता, तोवर आम्ही ‘अकोल्याचं मालेगाव’ होतो. मग जिल्हा फुटला आणि शेपूट बदललं. अशा शेपटांची आपल्याकडे केवढी श्रीमंती आहे. शिरूर म्हटलं तर घोडनदीचं, कासारांचं, अनंतपाळ की ताजबंद? कारंजा लाड की कारंजा घाडगे? पिंपळगाव बसवंत की राजा? आणि काहीच नाही तर बुद्रुक आणि खुर्द आहेतच. रायगडातल्या कर्जतवाल्याला आणि अहिल्यानगरच्या कर्जतवाल्याला लग्नाच्या बोलणीत पहिला खुलासा हाच करावा लागतो.

वरकरणी ही आणि अमेरिकेतली गोष्ट एकच. पण मला त्यात एक मोठा फरक दिसतो. आपल्या दहा वडगावांनी एकमेकांकडून नाव घेतलेलं नाही. जिथे वड होता तिथे वडगाव झालं, जिथे पिंपळ होता तिथे पिंपळगाव. प्रत्येक गाव आपल्या मातीतून, आपलं आपण. एका वडगावच्या माणसाला दुसऱ्या वडगावचं काहीच देणं लागत नाही. अमेरिकेतल्या लेबनॉनांचं तसं नाही. ती एकमेकांपासून निघालेली आहेत. ओरेगनच्या लेबनॉनला टेनेसी पुसून टाकता येणार नाही. आपल्याकडे सारखं नाव म्हणजे योगायोग, तिथे सारखं नाव म्हणजे नातं. म्हणून पाहुण्यांचा तो विनोद मला उलटा वाटतो. घर सोडून हजार मैल आलेल्या माणसाला नवीन नाव काढणं अवघड नव्हतं. त्याला ते नको होतं.

पत्रांचा घोळ अखेर आकड्यांनी सोडवला. फिलाडेल्फियातल्या रॉबर्ट मून नावाच्या टपाल निरीक्षकाने १९४४ मध्ये आकड्यांची कल्पना मांडली आणि १ जुलै १९६३ ला अमेरिकेत झिप कोड सुरू झाला. आपल्याकडे पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो आणणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपला मराठी माणूस आणि संस्कृतातला कवी. सारख्या नावांची गावं, अर्धवट पत्ते, डझनभर लिप्या, या सगळ्यावर एका कवीने सहा आकड्यांचा उतारा काढावा, ही मला आपल्या टपाल खात्याची सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. आमच्या मालेगावचा पिन ४४ ने सुरू होतो, त्यांचा ४२ ने. बाबांची मनीऑर्डर त्यानंतर नाशिकला गेली नाही.

आता आपल्या नावांकडे. न्यूयॉर्क राज्यातल्या डेल्हीला तिथले लोक ‘डेल्-हाय’ म्हणतात. १७९८ मध्ये टाउन स्थापन झालं तेव्हा एबेनेझर फूट नावाच्या बड्या प्रस्थाला लोक ‘ग्रेट मोगल’ म्हणून चिडवत, आणि मोगल म्हटला की त्याला दिल्ली हवीच. ओहायोत कलकत्ता आहे. ओरेगनात मद्रास आहे. तिथल्या लोकांनी आधी पामेन हे नाव मागितलं होतं, पण पामर नावाशी फार जुळतं म्हणून ते नाकारलं गेलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये खग्रास सूर्यग्रहण पाहायला जग त्या मद्रासला लोटलं होतं. आणि न्यूयॉर्कच्या पार वरच्या टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीला लागून, बॉम्बे आहे. मायकेल होगन नावाच्या आयरिश दर्यावर्दी व्यापाऱ्याची तिथे जमीन होती, त्याची बायको मुंबईहून आलेली. ती हिंदुस्थानी राजकन्या होती अशीही दंतकथा आहे. १८३३ मध्ये टाउन वेगळं झालं, तेव्हापासून ते बॉम्बेच. खऱ्या बॉम्बेची मुंबई झाली १९९५ मध्ये, मद्रासची चेन्नई १९९६ मध्ये, कलकत्त्याची कोलकाता २००१ मध्ये. आमचे आंदोलक तिथवर पोचले नाहीत, त्यामुळे अमेरिकेत ही नावं गावांच्या पाट्यांवर अजून सुखरूप आहेत.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण त्या बॉम्बेला लागूनच मोहॉक या मूळ रहिवासी लोकांचं अक्वेसास्ने आहे, न्यूयॉर्क, ऑन्टारियो आणि क्वेबेक अशा तिघांत वाटलं गेलेलं. होगनच्या बायकोचं माहेर नकाशावर यायच्या कितीतरी आधीपासून त्या जमिनीला माणसं होती आणि नावंही होती. मिझुरीच्या लेबनॉनखाली वायोटा आहे. मिसिसिपीची राजधानी जॅक्सन ज्या जमिनीवर उभी आहे, ती चोक्टॉ लोकांकडून १८२० च्या तहात घेतलेली, आणि तो तह त्यांच्या गळी उतरवणाऱ्यांत स्वतः अँड्र्यू जॅक्सन होता. पुढच्याच वर्षी गावाला त्याचं नाव मिळालं. त्यानंतर त्याच्या नावाची गावं देशभर झाली. घर आठवून दिलेलं नाव आणि जिंकून लावलेलं नाव सूचीत एकाच ठशात छापलेलं असतं. कोणतं कुठलं, हे सूची सांगत नाही. ते गावोगाव जाऊन शोधावं लागतं.

म्हणून या उन्हाळ्यात बॉम्बेला जायचं आम्ही ठरवलं आहे. मुलाने विचारलं, तिथे बघायला काय आहे? मी म्हटलं, पाटी. आणि पुढे अक्वेसास्ने, तिथल्या पाट्या मोहॉक भाषेत असतात, त्याही बघायच्या. एका पाटीसाठी इतका लांबचा प्रवास करायचा हे त्याला पटलेलं नाही, पण वाटेत पिझ्झा मिळणार असल्याने तो गप्प आहे. रविवारी डोंबिवलीला सासूबाईंना फोन लावला तेव्हा तो मागून ओरडला, “आजी, जुलैत आम्ही बॉम्बेला जाणार!”

“मुंबई म्हणावं रे,” त्या म्हणाल्या. “आणि जुलैत कसले येताय, आंबे संपलेले असतात.”